रकाना सदतीस

जनता वसाहतीत पाणी सकाळी साडेसातला जातं,
म्हणून मी आठला जायचे.
तोवर हंडे भरलेले, बाया जरा टेकलेल्या,
पर्वतीच्या उतारावरची गल्ली अजून ओली,
आणि माझ्या सॅकमध्ये चाळीस कोरे फॉर्म.

सदतीस : श्वेतप्रदर. होय, नाही, माहीत नाही.
शेवंता ओव्हाळ म्हणाली, असलं काही नाही बाई आपल्याला.
मी 'नाही'वर खूण केली.

चहा झाला. कप विसळता विसळता, पाठमोरी,
ती म्हणाली,
अंगावरून पांढरं जातं, पण ते काय, समद्यांनाच जातं.
आणि पोतं उचललं की अंग बाहेर येतं.
आत सारते, लागते कामाला.

कधीपासून?

धाकट्याच्या वेळेपासून.
धाकटा आता रिक्षा चालवतो.

मी 'नाही' खोडलं.
पानावर डाग पडला.
अंगावर काढलेल्या वर्षांसाठी फॉर्मात रकानाच नव्हता,
मी समासात लिहिलं, तिरकं, बारीक : तेवीस.

दवाखान्यात गेला नाहीत?
गेले होते एकदा. पडद्याआड
सात पोरं आली शिकायला,
सातांनी हात घातला,
नाव एकानंबी विचारलं नाही.
जाताना बाई ओरडली, इतके दिवस काय झोपला होता का?

मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.
तू तिसरी. पहिलीकडं निळी वही होती.
मी भुसार बाजारात धान्य चाळते,
वर काय राहिलं, खाली काय पडलं,
रोज सांजच्याला मालकाला सांगावं लागतं.
तुमचं चाळलेलं कोण सांगतं आम्हाला?

सोमवारच्या बैठकीत
मी टक्केवारीच्या आधी समास वाचून दाखवला.
डॉक्टर केतकी पेंडसे बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.
म्हणाल्या, त्या सातांतली एक मीही असेन.
ह्याच वॉर्डात शिकले.

शेवंताला शिकवायला बोलवायचं ठरलं.
तिनं आधी खाड्याचे पैसे विचारले.
अकाउंट्सवाले म्हणाले, व्याख्यात्याला पदवी लागते.
शेवटी तिचं मानधन निघालं
'साहित्य खर्च' ह्या सदराखाली,
हातमोजे आणि कापसाच्या मधल्या ओळीत.

टेबलावर रबराची कंबर, तेवढीच,
वर चेहरा नाही, खाली पाय नाहीत.
शेवंतानं आधी तिच्यावर आपला पदर टाकला.
मग खुर्ची ओढून
जिथं डोकं असायला हवं होतं तिथं बसली.
आता बोला माझ्याशी, म्हणाली.

निनाद नावाचा पोरगा, कान लाल,
मी... मी निनाद. तपासू का?
विचारलंस, बरं केलंस. आता थांब.
मी हो म्हणेपर्यंत थांबायचं असतं.
तो थांबला.
पंख्याचा आवाज ऐकू येत होता.
आणि ते लोखंड गरम पाण्यात बुडव रे,
तुझ्या आईच्या घरी काय
थंडगार पळी पोटाला लावतात?
पोरं हसली, मग हसायची थांबली.
एक मुलगी वहीत लिहून घेत होती :
'कधीपासून' विचारायचं,
'इतके दिवस का नाही' विचारायचं नाही.

तिला रिंग बसवली त्याच आठवड्यात.
वजन उचलू नका, डॉक्टरांनी सांगितलं.
शेवंता म्हणाली, बरं. मग पोतं तुम्ही उचलता का?
ह्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. अजून नाही.
ते समासातच आहे.

फॉर्म नवा छापून आला.
सदतीसमध्ये आता तिचेच शब्द, टंकात जरा अवघडलेले.
काल दांडेकर पुलापाशी
एक पोरसवदा बाई, कडेवर मूल,
प्रश्न पुरता ऐकायच्या आधीच म्हणाली,
असलं काही नाही आपल्याला.

मी खूण केली नाही.
पेनाला टोपण घातलं,
आणि म्हटलं,
चहा टाकता का थोडा?