सळई

बाबांची सळई अजून दाराआड उभी असते.
पाच फूट लांब, एका टोकाला पितळी वाटी,
कानाला घासून घासून गुळगुळीत झालेली.
एकतीस वर्षं नर्मदा लाइनीवर:
रात्री दोनला, इंदूर जरा गप्प झालं की
एक टोक डांबरावर, दुसरं कानाशी,
आणि खाली दीड मीटरवर
पाणी कुठून निसटतंय ते ऐकायचं.
न खणता.

मी सिमरोलला जाते.
लोक विचारतात, तिथं नेमकं काय करतेस?
तेच, मी म्हणते. न खणता.

धुळीचा एक ढेकूळ, सहा हजार प्रकाशवर्षांवर.
आत तारा धरतोय, जसं फळ धरतं.
सूर्याच्या वीसपट. घाईचा.
अंगावरची दुलई निघायच्या आत पेटलेला.
डोळ्यांना तिथं नुसता काळोख.
पण तो जेवढ्या अधाशीपणे गिळतो
तेवढ्याच जोरात फुंकतोही,
आणि ती फुंकर शेजारच्या वायूवर आदळते तिथं
पाणी बोलायला लागतं,
सेकंदाला बावीस अब्ज साडेतेवीस कोटी हेलकाव्यांच्या
एकाच एका सुरात.

ह्या पाण्यात तांब्या बुडत नाही.
ते एवढं विरळ की आपण त्याला पोकळी म्हणू.
तरी आलेखावर काट्यासारखं उभं राहतं,
आणि काटा किती सरकला त्यावरून कळतं:
हे आपल्याकडे येतंय, सेकंदाला चाळीस किलोमीटर.
(जलूदहून इंदूरला
दोन सेकंदही लागायचे नाहीत, बाबा.
तुमचे पंप रात्रभर धापा टाकत चढवतात ते.)

अडचण एकच, आणि ती आमच्याच हवेची.
तिच्यातलं पाणीही त्याच सुरात गुणगुणतं.
थाळी आभाळाकडे वळवली की
आधी आपलीच वाफ ऐकू येते,
मग ती वजा करायची,
मग उरतं ते.
कधी काहीच उरत नाही.

अकरा महिने एक काटा बोटभर होता.
मंगळवारी पियूष चौरेचा फोन: मॅडम, कागदात मावत नाहीये.
चाळीसपट.
आम्ही केबल तपासल्या. घड्याळ तपासलं.
दुसरा स्रोत लावून पाहिला, तो शहाण्यासारखा होता तेवढाच.
पुन्हा पहिल्यावर आलो. चाळीसपट.
मग थोडं जास्त.

घरी आलेख जेवणाच्या टेबलावर पसरला.
बाबांना आता डाव्या कानानं येत नाही,
उजव्याला यंत्र, तेही शिट्ट्या मारतं.
वरणाच्या वाटीनं कागदाचा कोपरा दाबून
त्यांनी बोट काट्यावरून खाली आणलं, परत वर नेलं.
"हे रोजचं?"
नाही, हे नवीन.
"आणि बाजूचे?"
बाजूचे होते तसेच.
बराच वेळ जेवले. मग म्हणाले,
"इथं काही झालेलं नाही.
मागं कुठंतरी व्हॉल्व्ह उघडलाय.
तू मागं बघ."

मागं म्हणजे तारा.
मागं म्हणजे त्यानं एकदम मोठा घास घेतला असेल
आणि त्याची ऊब आत्ता ह्या पाण्यापर्यंत पोचली असेल.
आत्ता, म्हणजे सहा हजार वर्षांपूर्वी.
प्रबंधांत ह्याला लांब नाव आहे.
मी त्यांना ते सांगितलं नाही.
त्यांचं बरोबर असेलच असंही नाही;
तीन रात्री अजून हव्यात,
आणि कोरडी हवा आता फार दिवस टिकणार नाही.

पावणेपाचला न्हाणीघरातला नळ खोकला.
आधी हवा, मग गंज, मग थोडी हवा.
आज आमच्या बाजूचा दिवस.
बाबा माझ्याआधी उठलेले,
अंधारातच, दिवा न लावता,
तळहात पाइपावर ठेवून उभे.
मी विचारलं, आलं?
त्यांनी ऐकलं नाही.
दुसरा हात वर करून
थांब म्हणाले.