पानाला काना

स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कागद,
मधे मिठाची बरणी.
कागद उडू नयेत म्हणून नव्हे,
त्यांच्यात जुंपू नये म्हणून.

एक कॉलेजचा, गुळगुळीत.
दोन वर्षं, पूर्णवेळ. वर्कशॉपमध्ये सहा गाड्या,
कुठेच न जाणाऱ्या.
मास्तर सकाळी त्यांच्यात बिघाड घालून ठेवतात,
मुलं दुपारी तो शोधतात.
फोटोतल्या पोराचा डगला इतका स्वच्छ
की बाबा म्हणाले, हे बघ, हे जमेल.

दुसरा करारनामा, ट्रेव्हर कोल्क्लीच्या गॅरेजचा.
सोमवार ते गुरुवार त्याच्याकडे, शुक्रवारी कॉलेज,
तीन वर्षं. आणि पगारापुढे असा आकडा
की आईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हात काळे करायला आलो का आपण बर्सलमला?"
मी म्हटलं, तोंड तर नाही ना काळं करत.
बाबा हसले.
मग हसण्याबद्दल त्यांनाच ऐकून घ्यावं लागलं.

बाबांची भीती निराळी.
खिडकीतून ते बाटलीच्या आकाराची भट्टी दाखवतात,
विटांच्या फटीत झुडूप उगवलेली.
"सगळं गाव कपबशा घडवायचं. एका पिढीत थंड.
उद्या गाड्या बॅटरीवर गेल्या
की काय आवळशील तू?"
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अजून पुरतं नाही.

शनिवारी ट्रेव्हर म्हणाला, एक दिवस बघून जा.
आधी चीज घातलेला ओटकेक हातात दिला.
आमच्यात याला घावन म्हणतात, मी म्हटलं.
म्हण की, डक, तो म्हणाला, गरम आहे तोवर.

मग एक म्हातारी व्हॅन, फुलवाल्याची.
लांब पेचकसाचं टोक त्याने इंजिनवर टेकवलं,
मूठ माझ्या कानाला लावली.
ऐक.
आधी नुसता गदारोळ.
मग त्या गदारोळाच्या आतल्या खोलीत
कुणीतरी बांगडी आपटत होतं, थांबून थांबून.
"कितव्या सिलिंडरमध्ये?"
तिसऱ्या, मी म्हटलं.
त्याने उघडून पाहिलं. दुसऱ्या.
"शेजारीच होतीस," एवढंच म्हणाला,
आणि मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

दुपारी एक हायब्रिड आली.
बॉनेटखाली नारिंगी जाडजूड केबली.
चाळीस वर्षं इंजिनांत बुडालेले हात
ट्रेव्हरने खिशात घातले.
लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.
"तू वाच. चष्मा घरी राहिला."
चष्मा त्याच्या कपाळावर होता.

मी वाचत गेले. आधी काय तोडायचं,
किती मिनिटं थांबायचं, कुठे बोटही लावायचं नाही.
तो ओठ हलवत ऐकत होता,
परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या मुलासारखा.
मीही तितकीच घाबरले होते.
त्याला ते ठाऊक होतं. तो काही बोलला नाही.

रात्री बरणी बाजूला केली.
आईला म्हटलं, 'पान' लिही.
तिने कराराच्या समासात लिहिलं,
शाळेत मुलींना गिरवायला देतात तसं, गोल.
आता काना दे.
झाला पाना.

"शब्दांचे खेळ नकोत मला," आई म्हणाली,
पण पेन खाली ठेवलं नाही.
"शुक्रवार चुकवायचा नाही.
एकही."
नाही चुकवणार.
"आणि त्या नारिंगी तारा..."
नाही गं.

पालकाच्या सहीच्या रेघेवर
ट्रेव्हरच्या अंगठ्याचा ठसा होता, काळा, ओलसर.
आईने सही वळवून वळवून
त्याच्या कडेकडेने काढली, शेवटच्या अक्षरापर्यंत.
मग बोट उजेडात धरलं.
लागलंच.

ओट्यावरच्या फडक्याला पुसलं,
साबण लावला, लिंबू घासलं,
जेवायला बसलो तरी
ती त्याच बोटाकडे बघत होती.