मधली चित्रं

जरीमरीत आमच्या डोक्यावरून दर अडीच मिनिटांनी
एक विमान उतरतं.
म्हणून माझी वाक्यं लहान.

कपाटाची दोन्ही दारं उघडून वर गोधडी टाकते,
आत आईच्या साड्या, डांबरगोळ्यांचा वास, माइक.
पंखा बंद.
रात्री दीडनंतर जरा मोठी फट मिळते:
"पाहा, इथे कोल्हा वळतो..."
थांब.
गेलं.
"...आणि वळताना क्षणभर त्याला तीन डोळे असतात."

हेच दाखवते मी लोकांना.
धावत्या चित्रपटाला मधेच धरते,
एका सेकंदाचे चोवीस तुकडे करून
त्यातला कुणी न पाहिलेला वर उचलते.
धावणारा नीट धावावा म्हणून कुणीतरी त्याला
भिजल्या कणकेसारखा ताणलेला असतो,
तोंड ओघळलेलं कानापर्यंत, हाताला सात बोटं.
कुणाच्या लक्षात येत नाही.
मला येतं.
दुसरं मला फारसं काही येतही नाही.

दिवसा दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारते.
भाऊ विचारतो, मिळतं काय यातून?
मागच्या महिन्यात एकशे ब्याऐंशी रुपये मिळाले.
आईने त्याचे सुके बोंबील आणले
आणि शेजारी वाटी देताना म्हणाली,
पोरीच्या सिनेमाचे आहेत.

मग तो बगळा.
अकरा मिनिटांची जुनी फिल्म, रंग विटलेले,
शेवटी चार पुरुषांची नावं, आणि "इतर".
बगळा खाजणात उतरतो, त्या उतरण्यावर
मी अख्खा व्हिडिओ केला.
नऊ हजार लोकांनी पाहिला. माझ्या हिशेबात ही जत्राच.
चारकोपहून एकाचा फोन आला:
त्या "इतर"मध्ये माझी मावशी आहे.

कालिंदी राऊत. वय सत्त्याहत्तर.
बोटांची पेरं आल्यासारखी सुजलेली.
"मोठे साहेब पहिलं काढायचे, आणि शेवटचं.
बगळा आभाळात. बगळा चिखलात.
मधलं आम्ही पाचजणी.
चित्रामागे सव्वा रुपया, डाग पडला तर कापायचे.
काचेखाली दिवा, वर पत्रा,
मनगटाला पावडर लावून बसायचो, घाम उतरू नये म्हणून."

लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला.
माझं लाडकं चित्र थांबवलं:
पंख उलटा दुमडलेला, टोकाची पिसं
वहीचं पान टराटरा फाटावं तशी.
यावर मी तीन मिनिटं बोलले होते.
"धाडस" हा शब्द वापरला होता. दोनदा.

तिने नाक पडद्याला लावलं.
"हे चुकलंय," म्हणाली.
"ताप होता मला त्या दिवशी.
परत काढते म्हटलं, तर म्हणे कागद वाया जातो."

मी काय बोलणार?
ती मात्र हसायला लागली, हसता हसता ठसका लागला,
भाच्याने पाणी आणलं,
अर्धं चादरीवर सांडलं.

"आता पुढे कर. एकेक."

मी बटण दाबत गेले.
पंख खाली. आणखी खाली. पाय पुढे.
तिचा उजवा हात चादरीवरून उतरू लागला
संथ, मनगट आधी, बोटं मागून,
आणि माझ्या ध्यानात आलं,
तो बगळ्याच्या मागे नाही.
बगळ्याच्या एक चित्र पुढे आहे.

परतल्यावर तीच रात्र, तेच कपाट.
नवा व्हिडिओ, दुरुस्तीचा.
तिचं नाव म्हणायला दोन सेकंद पुरतात,
मी चार वेळा म्हटलं, चारही वेळा
वरून कुणीतरी दुबईहून आलं.
पाचव्यांदा जमलं.
मग तो पंख, ती पिसं, "इथे जरा चूक..."

गोधडीच्या पलीकडून आईचा आवाज,
झोपली असेल असं वाटलं होतं मला:

"ताप होता म्हण.
ते गाळू नकोस."