तीन पौंड हवा

हालबेराने सबंध हिवाळा काढला
अठ्ठ्याऐंशीच्या पॅट्रोलखाली, पाठीवर.
चॅसिसचा गंज तासताना
आतून सांडली नदीची काळी वाळू,
वडलांनी कधीतरी ओलांडलेल्या,
घरी न सांगता.

मडगार्ड कापले. टायर कमरेएवढे.
स्नॉर्केल थेट टपापर्यंत.
शेजारचा आउदुन म्हणाला,
एवढ्यात नवी आली असती की.
ती चौदाचा पाना शोधत राहिली.

मे महिन्यात, हिमनदीच्या कडेशी
ती गुडघ्यांवर बसली,
चाकांतली हवा सोडत सोडत
तीन पौंडांवर आणली.
रबर बर्फावर फतकल मारून बसलं.
गाडी रुतली नाही.

हीटर तेवढा बंदच आहे अजून.
सुटा भाग आणून ठेवलाय, खोक्यातच.
वडील म्हणायचे,
गारठलेला माणूस
वेळेत मागे फिरतो.