दीड हात वायर

वाडीच्या लिलावातली जुनी ॲम्ब्युलन्स,
आत अजून थोडा डेटॉलचा वास.
मी पलंग बसवला, ओटा बसवला,
शेवटी मिक्सर ठेवला तेव्हा कळलं
त्याची वायर दीड हात
आणि प्लग ड्रायव्हरच्या पाठीमागे, चार हातांवर.

सीताबर्डीहून पांढरी एक्स्टेन्शन आणली. साठ रुपये.
केटल तिच्यावर, मिक्सर तिच्यावर,
इंडक्शनची शेगडीही तिच्यावरच.
पायात येऊ नये म्हणून गादीखालून नेली.

बाबा रविवारी आले.
बत्तीस वर्षं विजेच्या खांबांवर काढलेला माणूस,
चपला बाहेर काढून आत शिरला
कोणाच्या घरी जावं तसा.
गादी उचलली, वायरीवर उलटा तळहात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
"काऊन वं, हे तं ऊन लागून राहिली."

मे महिना. पारा सेहेचाळीस.
सगळंच ऊन लागतंय बाबा, मी म्हटलं.
हसले नाहीत.
पक्कड काढली आणि साठ रुपयांचे दोन तुकडे केले.

मी चिडले. कंपन्याच कंजूष,
हातभर वायर जास्त दिली असती तर काय गेलं असतं त्यांचं?
"कंजूष नाही. लांब राहिली तं ओट्यावरून लोंबते.
लोंबली तं कोणी ओढते."
आणि थांबले.
माझ्या उजव्या दंडाकडे त्यांनी पाहिलं नाही.
मी दोन वर्षांची होते तेव्हाची ती लाल केटल
आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नाही.

मग म्हणाले, "डोळे लाव. चहा कर."

रिकाम्या गाडीत, बंद डोळ्यांनी, मी चहा केला.
नसलेल्या माठातलं पाणी घेतलं,
नसलेलं आलं किसलं, साखर विसरले, पुन्हा वळले.
हात जिथे थांबे
तिथे प्लायवूडवर पेन्सिल करकरे.

तीन फुल्या. तीन प्लग. सिंकपासून हातभर लांब.
तांब्याची जाड वायर पत्र्यातून जाते तिथे रबराचं कडं,
रस्त्याच्या हादऱ्यांनी सोलवटू नये म्हणून.
आणि एक स्विच, जरा गळती झाली की आपोआप पडणारा.
त्याचं टेस्टचं बटण त्यांनी किती वेळा दाबलं!
पडला. उचलला. पडला.
"एका टायमाले एकच. केटल चालू असंन
तं मिक्सर गप्प.
तुही आई आन् मी असंच राह्यलो बत्तीस वर्षं."
यावर मात्र स्वतःच हसले.

निघताना एक लोखंडी सळई दिली, हिरव्या वायरीची.
"घराले जमीन असते. याले चार टायर. रबर.
वीज निसटली तं जाईन कुठं? तुह्यातून जाईन.
थांबशीन तिथं हे ठोक,
आन् बुडाशी पाणी टाकत जा."

मानेवाड्याला आमच्या मागच्या अंगणात
अर्थिंगच्या खड्ड्यात ते रोज संध्याकाळी
तांब्याभर पाणी ओततात.
लहानपणी मला वाटायचं, तिथे काहीतरी पेरलंय.

पहिला मुक्काम रामटेकच्या अलीकडे,
नंदनवारकाकूंच्या पिठाच्या गिरणीच्या आवारात.
गिरणी बंद झाल्यावर त्यांनी वीज दिली,
वर मूठभर भिजवलेली चण्याची डाळ.
नऊला फोन.
जेवलीस का नाही, भीती वाटते का नाही.
"ठोकली?"
ठोकली.
"पाणी?"
टाकलं.
पलीकडे टीव्ही, आईचं खोकणं.
"बरं."

केटल बंद केली, मग मिक्सर लावला.
दीड हात वायर
ओट्यावर आडवी पडून
थोडी उरलीही होती.