पाचव्या जागी

ऑगस्ट. दोहा. रात्रीचे साडेअकरा, बाहेर छत्तीस अंश,
दाराबाहेर पाऊल टाकताच चष्मा पांढरा होतो.
आत, उणे ऐंशीच्या कपाटात
क्यू-०३७ च्या गाठीचा तुकडा, नखाएवढा.

नाव पुसलेलं असतं. नियमच तसा.
पण संमतीचा कागद मराठीत समजावायला
मलाच खाली बोलावलं होतं,
म्हणून माहीत आहे: दाभोळचे, क्रेनवर बावीस वर्षं,
एक मूत्रपिंड काढलेलं.
त्यांनी अंगठ्याने कागद चाचपला, विचारलं,
"बाई, यातून वाचता येईल का?"
मी म्हणाले, प्रयत्न करतोय.
कुठलं वाचणं, ते मी विचारलं नाही.

पेशी आपल्या आतलं थोडं थोडं दाराबाहेर मांडते,
नऊ-नऊ अक्षरांचे तुकडे,
जसं कॅम्पातल्या खोलीबाहेर चपलांवरून कळतं
आत कोण निजलंय, कोण रात्रपाळीला गेलंय.
रक्तातले राखणदार बोळातून जातात, चपला बघतात.
ओळखीच्या, ओळखीच्या, ओळखीच्या. पुढे.
गाठ हे जाणून असते.
ती आपल्या चपला शक्य तेवढ्या आत ओढून घेते.

बाबा मालवणच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचे.
पाणि म्हणजे हात, पाणी म्हणजे पाणी;
एक वेलांटी चुकली, आणि सावंतांच्या पत्रिकेत
वराने वधूचं "पाणीग्रहण" केलं.
"चूक शोधायची तर अर्थ वाचू नकोस," म्हणायचे,
"अक्षर वाच. उलटीकडून वाच."

यंत्राने चारशे बारा तुकडे तोलून दिले.
एकोणीस असे, जे निरोगी पेशीत नव्हते.
ते बनवून मागवले. कार्गोत तीन दिवस अडकले,
सुका बर्फ उडून गेला,
रोवेना कस्टमच्या माणसावर आधी इंग्रजीत
आणि मग टागालोगमध्ये चिडली.
पुन्हा मागवले.

आज ताटली भिंगाखाली आहे.
प्रत्येक खळग्यात त्यांच्याच रक्तातल्या पेशी
आणि एकेक तुकडा.
कोरा. कोरा. एक डाग, तो धूळही असेल.
कोरा.
तेराव्यात निळे ठिपके.
मी भिंग बदललं. डॉक्टर इख्लासना फोन लावला,
वाजायच्या आत ठेवला.
तेरावा तुकडा: पाचव्या जागी
सेरीन हवं तिथे फेनिलअलानीन.
एवढंच. एक वेलांटी.
त्यांच्या रक्तातल्या कुणीतरी ती आधीच पकडली होती.
थोडेच होते, दमलेले होते,
कुणी हाक मारली नव्हती त्यांना.

ठिपके मोजले, त्रेसष्ट. पुन्हा मोजले, एकसष्ट.
ताटलीची दुसरी जोडी उद्या. लस त्यानंतर, झाली तर.
त्याच्या पुढचं कुणी छापायला दिलेलं नाही.

पहाटे नजमाच्या टपरीवर करक चहा घेतला.
समोर अर्ध्या इमारतीवर क्रेन उभी,
टोकाला लाल दिवा, केबिन रिकामी.
मी तिच्याकडे बघत ती नऊ अक्षरं
उलटीकडून म्हणू लागले.
पाचव्यापाशी टपरीवाल्याने विचारलं, अजून साखर?