कणकेचा उंदीर

चर्चची किल्ली माझ्याकडे असते.
वीतभर लोखंड, एप्रनच्या खिशात मावत नाही.
शनिवारी दार उघडलं तेव्हा आत नेहमीचाच गारवा,
ओला दगड, मेण, प्रार्थनापुस्तकांची बुरशी.
सुगीचा रविवार उद्यावर आलेला
आणि खिडक्यांचे कोनाडे रिकामे.

नऊनंतर एकेकजण येऊ लागले.
ऑडलिंगनी बटाटे आणले, माती न झाडता.
"कुठून येतात ते त्यालाही दिसू दे," म्हणाले,
आणि खुर्ची ओढून बसले, कानातलं यंत्र बंद करून.
थर्झाने ॲस्टर आणले. शाळेच्या पोरांनी डबे:
टोमॅटोचं सूप, पाकातले पीच,
एक मांजराच्या खाण्याचा.
तो मी मागे सरकवला,
मग पुन्हा पुढे घेतला.

इथे लिंकनशरमध्ये जमीन इतकी सपाट
की शेजारच्या गावचा मनोरा
ताटाच्या कडेवर ठेवल्यासारखा दिसतो.
यंदा गहू जुलैतच पिकला, दाणा बारीक.
कापणीला पूर्वी गावच्या गाव उतरायचं,
पोरांना शाळेला सुट्टी असायची.
आता एकटा डेन्झिल, काचेच्या केबिनमध्ये,
दोन रात्री दिवे लावून फिरला
आणि तिसऱ्या सकाळी शिवार बोडकं.

वेदीची मधली जागा कोणी भरत नव्हतं.
तिथे हेस्टरचा पाव असायचा,
गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा, हात दीड हात उंच,
एकेक ओंबी कात्रीने कातरलेली,
मधोमध कणकेचीच वेणी बांधलेली,
आणि एका ताटावर चढणारा उंदीर,
काळ्या मनुकेचे डोळे.
हेस्टर ईस्टरच्या आधी गेली.
हे कोणी बोललं नाही.
सगळे नुसते ॲस्टर नीट करत राहिले.

मग मला आठवलं, गेल्या वर्षीची पेंढी
तिने वॉर्निश मारून कपाटात ठेवली होती,
गायकांच्या झग्यांमागे.
कपाट उघडलं.
ओंब्या गायब. वेणी गायब. वॉर्निशसुद्धा खाल्लेलं.
तळाशी काळ्या लेंड्या
आणि शाबूत, एकुलता एक, कणकेचा उंदीर.
त्याला कोणी तोंडही लावलं नव्हतं.

पाद्रीबाई सहा गावं सांभाळतात,
जेवतात त्या गाडीतच, फाटकापुढे थांबल्या की.
त्यांनी पाहिलं आणि पायरीवर बसून
डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.
"घरातला समजले असतील," म्हणाल्या.

रविवारी वेदीवर दुकानातला कापलेला पाव होता,
प्लास्टिक काढून, पांढऱ्या कापडावर.
त्यावर उंदीर.
सहाऐवजी चारच घंटा वाजल्या, दोरांना माणसं नाहीत.
डेन्झिल उशिरा आला, मागच्या बाकावर बसला,
पहिल्या गीताला उभा राहिला
आणि दुसऱ्याला घोरत होता.
कोणी उठवलं नाही.

सोमवारी हॉलमध्ये जेवण, थंड हॅम, कांद्याचं लोणचं,
मग भाजीपाल्याचा लिलाव, छपरासाठी.
ज्याने तान्ह्या पोराएवढा भोपळा आणला
त्यानेच तो सात पौंडांना परत घेतला.
शेवटी मी उंदीर वर धरला.
हॉल गप्प.
हेस्टरचा कथबर्ट दाराशी उभा होता,
चर्चमध्ये कधी न येणारा माणूस.
त्याने एक बोट उचललं. पाच.
आता कोण बोलणार?
"सहा!" ऑडलिंग ओरडले. यंत्र अजून बंदच.
थर्झाने कोपर मारलं, त्यांना वाटलं धीर देतेय.
सात. आठ. वीस.
कथबर्टचं बोट खाली येईना
आणि ओठाचा कोपरा हलू लागला.
एक्केचाळीस पौंडांवर ऑडलिंगना कळलं
आपण कशावर बोली लावतोय.

कथबर्टने उंदीर रुमालात गुंडाळला,
टोपीत ठेवला,
आणि बोडक्या डोक्याने घरी गेला. पाऊस होता.

टेबलं घडी करून मी चर्चमध्ये आले.
झग्यांमागे काहीतरी खुडबुडलं.
कापलेल्या पावाची कड उरली होती, सुकलेली.
ती कपाटात ठेवली,
दिवा घालवला,
आणि किल्ली दोनदा फिरवली,
कारण ती एकदा फिरवून लागत नाही.